कोंडीला काय येत नाय

कळंबच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी बावीस घरांची ठाकरांची वाडी आहे. तिथल्या चिंधीला तीन मुलं झाली. त्यांतली दोन गेली, एक राहिली. राहिली ती कोंडी. ती का राहिली हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

चिंधीचं स्वतःचं नावही तसंच पडलेलं. तिच्या आईची आधीची चार लेकरं जगली नव्हती, म्हणून पाचवी जन्मल्या जन्मल्या तिला फाटक्या चिंधीत गुंडाळून उकिरड्याच्या कडेला ठेवली. मग सुईण तिकडून आल्यासारखी आली आणि हे कुणी टाकलं म्हणत उचलून घरात घेऊन आली. टाकून दिलेल्या वस्तूवर कुणाची नजर जात नाही. चिंधी जगली.

तिचा थोरला मुलगा मात्र दवाखान्यात जन्मला. सगळी पद्धत बाजूला राहिली आणि नाव ठेवलं विकास. पोर गुटगुटीत होतं. चिंधी त्याला कडेवर घेऊन कळंबच्या बाजाराला जायची, बाया गाल ओढायच्या, आणि ही खुळी हसून सांगायची की लय हुशार हाय, आत्तापासून माणसं ओळखतो. चौथ्या वर्षी तो तापाने गेला. त्याच्यामागची मुलगीही अशीच मिरवलेली, ती अकराव्या महिन्यात गेली. दोघांनाही मातीत ठेवताना चिंधी तोंड भरून बोलली. माझा राजा किती शहाणा होता, माझी बाय कशी चंद्रासारखी होती. तिला कुणी अडवलं नाही. वाडीत माणसाचं कौतुक तेव्हाच करतात, जेव्हा त्याला कशाचीच भीती उरलेली नसते.

तिसरी झाली तेव्हा सासू कुणाचं ऐकायला तयार नव्हती. बाळाला सुपात कोंड्यावर निजवलं, शेजारच्या गोमाच्या बायकोला देऊन टाकलं आणि पायलीभर कोंडा देऊन परत विकत घेतलं. त्या दिवसापासून चिंधीने पोरीला एक बरा शब्द म्हणून दिला नाही. मेली, भिकारडी, खुळी, दगड. पोर पहिलं पाऊल टाकून समोर आली तेव्हा तिला उराशी घेऊन चिंधी म्हणाली, "पांगळी मेली, कवा चालायला शिकनार गं तू?" पोर खदखदून हसली. पुढेही ती तशीच हसायची. तिच्या कानाला या शिव्या म्हणजे डोक्यावरून फिरलेला हात होता.

शाळेत तिचं नाव ऋतिका लागलं. ते किरण गुरुजींनी ठेवलं. गुरुजी खालच्या गावातले, शेतकऱ्याच्या घरातले, वय तिशीच्या आत. वाडीच्या शाळेत चार इयत्तांना मिळून सतरा मुलं आणि हे एकटे मास्तर. त्यांना या पोरीचा नाद लागला. दुसरीत असताना ती चौथीची गणितं फळ्यावरून पाहून तोंडी सोडवायची. गुरुजी वाडीवर येऊन कौतुक सांगायला लागले की चिंधी उठून घरात जायची आणि भांडी आपटायची. गुरुजींना वाटायचं, बाईला शिक्षणाचं काही नाही.

खालापूरच्या बाजूला एका संस्थेची निवासी शाळा आहे. पाचवी ते बारावी, राहणं-जेवण सगळं तिथेच. दरवर्षी डोंगरातल्या वाड्यांमधली वीस मुलं घेतात. तिथून गेलेल्या दोन पोरी नर्स झाल्या, एक पोरगा रेल्वेत लागला. वाडीतून मात्र आजवर कुणाची निवड झाली नव्हती. आणि चौथीनंतर वाडीच्या पोरी काय करतात हे गुरुजी पाच वर्षं बघत होते. कुणी पाठचं भावंड सांभाळते, कुणी आईबरोबर शेतघरांवर लाद्या पुसायला जाते. चिंधी स्वतः तेच करत होती. कोंडी तिथून सुटायची तर याच शाळेमुळे सुटणार होती, दुसरी वाट नव्हती.

जानेवारीत लेखी परीक्षा झाली. दोनशे ऐंशी मुलं बसली, कोंडी चौथी आली. गुरुजींनी शाळेत पेढे वाटले. चिंधीने आपला पेढा खाल्ला नाही, कोंडीवरून उतरवून कुत्र्याला टाकला.

राहिला होता दुसरा टप्पा. शाळेत जायचं, मुलाला काही चित्रं, ठोकळे देतात, आणि पालकाला प्रश्न विचारतात. गुरुजींनी ठोकळ्यांची तयारी करून घेतली. पालकाच्या प्रश्नांची तयारी करून घ्यावी हे त्यांच्या मनातही आलं नाही. आईला आपल्या पोरीबद्दल काय शिकवायचं?

मार्चमध्ये मायलेकी निघाल्या. त्या दिवशी कोंडीने झऱ्यावरून दोन हंडे आणले, स्वतः आंघोळ केली, स्वतःची वेणी घातली आणि मग आईचीही घातली, कारण चिंधीच्या खांद्यात कळ होती. कर्जतला एसटीतून उतरून पुढची मिनिडोर रिक्षा कुठली हेही तिनेच पाटी वाचून शोधलं. उरलेली चिल्लर मोजून आईच्या कनवटीला बांधली.

शाळेतल्या खोलीत पंखा होता, भिंतीवर रंगीत फुलपाखरं चिकटवलेली होती. अक्षदा मॅडम म्हणून एक तरुण बाई होती, खोपोलीची. मानसशास्त्र शिकून आलेली, बोलायला मऊ. ठोकळ्यांचं काम कोंडीने झटक्यात केलं. मग मॅडमने तिला मागच्या सतरंजीवर बसायला सांगितलं, चिंधीला खुर्ची दिली आणि छापलेले कागद पुढ्यात घेतले. समजावून सांगितलं की मूल घरी कसं वागतं, त्याला काय काय येतं, एवढंच सांगायचं, मोकळेपणाने.

"ती स्वतःची आंघोळ स्वतः करते का?"

"कसली करते," चिंधी म्हणाली. "घोरपडीसारखी पडून ऱ्हाते."

"वेणीफणी?"

"उवा पडल्यात डोक्यात. तिला काय कळतंय."

मॅडमने लिहिलं. दुकानातून सामान आणते का, हिशेब समजतो का, एकटी कुठे जाते का, लहान मुलांना सांभाळते का, घड्याळ कळतं का. प्रत्येक प्रश्नाला चिंधीने पदराने तोंड पुसत नाही म्हटलं. काही ठिकाणी तर खरंच नाही होतं. लिफ्ट वापरता येते का, सिग्नल ओळखते का. जिथे सिग्नल नाही तिथे तो कोण ओळखणार? पण चौकट एकच होती. खरं नाही आणि भीतीचं नाही एकाखाली एक जाऊन बसलं.

मॅडम थांबली. तिच्याजवळ लेखीचे गुण होते, मघाचे ठोकळेही तिने पाहिले होते. ती जरा पुढे झुकून म्हणाली, "मावशी, तरी काहीतरी चांगलं असेलच ना? एखादी गोष्ट तिला छान येते, अशी?"

अनोळखी बाई, अनोळखी घर, मागे पोर बसलेली, आणि ही म्हणते तोंडाने बोल. विकासच्या वेळी बाजारातल्या बायाही अशाच गोड होत्या.

"नाय," ती म्हणाली. "कोंडीला काय येत नाय. दगड हाय नुसता. माज्या नशिबाला आली, म्हनून ठेवलीय."

मागे सतरंजीवर कोंडीने मान खाली घातली. आई एवढ्या लांब येऊन, एवढ्या मोठ्या खोलीत आपली राखण करते आहे म्हणून तिला हसू येत होतं, आणि बाईसमोर हसू नये म्हणून तिने ओठ दाबून धरले होते. मॅडमने ते पाहिलं आणि कागदाच्या कडेला लिहिलं: मूल नजर टाळते, आत्मविश्वासाचा अभाव.

निकाल गुरुजींच्या फोनवर आला. लेखी परीक्षेत चौथी, आकलनात उत्तम, सामाजिक वाढ पाच वर्षांच्या मुलाएवढी. वसतिगृहात राहण्यास अपात्र. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सोयीचा विचार व्हावा. गुरुजींनी तीनदा वाचलं आणि शाळेत फोन लावला. संस्थेच्या मोठ्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की तिन्ही भागांत पास व्हावं लागतं, नियम छापलेला आहे. गुरुजी म्हणाले, अहो पण पोरगी चौथी आली आहे. साहेब म्हणाले, लेखी परीक्षेचं काय घेऊन बसलात, त्यात मास्तर कशी मदत करतात ते आम्हाला माहीत आहे. मास्तर खोटं बोलेल. आई आपल्या लेकराच्या विरुद्ध खोटं कशाला बोलेल?

गुरुजी तसेच वाडीवर चढून आले. दारात धाऊ, चिंधीचा नवरा, कोयत्याला धार लावत होता. गुरुजींनी फोनमधला कागद चिंधीच्या तोंडासमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं. त्यांनीच वाचून दाखवला, एकेक ओळ, मोठ्याने, आजूबाजूच्या घरांना ऐकू जाईल असा. वाचून झाल्यावर म्हणाले की साप चावून पोर गेली असती तर मी समजलो असतो, हे तुम्ही हाताने केलंत. मला कॉपी करवणारा ठरवलंत ते वेगळंच.

सापाचं नाव निघताच चिंधीने पटकन थुंकून घेतलं. गुरुजींना तो अपमान वाटला.

"बरोबरच बोलली ती," धाऊ धारेवरची नजर न काढता म्हणाला. "पोर जित्ती हाय ना? मंग झालं."

"जिवंत ठेवून करणार काय तिचं?" गुरुजींनी विचारलं.

धाऊने बोटाने कोयत्याची धार पाहिली. गुरुजी खाली उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर बायांनी चिंधीला घेतलं. गोमाची बायको नंदा म्हणाली की तुझा कोंडा परत घे बाई, पोर येडी निघाली. सगळ्या हसल्या. एरवी हे ऐकून चिंधीला बरं वाटलं असतं, पोरीवरची नजर टळली असं वाटलं असतं. पण आता हे कागदावर लिहिलेलं होतं. तोंडातला शब्द वाऱ्यावर जातो, पोरीला झाकतो आणि विरतो. कागद तसा विरत नाही, हे तिला हंडा भरता भरता उमगलं. तिने पोरीला झाकायला टाकलेली गोधडी कुणीतरी शिवून बंद करून टाकली होती.

चार दिवस ती शेतघरावर लाद्या पुसत राहिली. पाचव्या दिवशी खाली जाऊन शाळेच्या पायरीवर बसली. गुरुजी बाहेर आले तेव्हा म्हणाली की परत जाऊ, मी समदं खरं सांगते.

गुरुजी तिघांसाठी वेळ मागून घेऊन निघाले. रस्ताभर गुरुजी चिंधीला पढवत होते की दुकानात जाते म्हणा, हिशेब येतो म्हणा, घाबरू नका. ती मान हलवत होती. मनात ती एकच हिशेब करत होती. पोरीला शाळेत धाडायची तर तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडलं तर पोरीवर जे येईल ते आपल्या जिभेने येईल. दोन वेळा आलं होतं. विकासचं हसणं तिला आठवत नव्हतं, बाजारातलं स्वतःचं हसणं आठवत होतं.

साहेब खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी नोकरीला माणसं निवडली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, अक्षदा मॅडमला बोलावून घेतलं आणि चिंधीला म्हणाले, "बोला. तुमचं पूर्ण ऐकून घेतो."

कोंडी दाराशी उभी होती. चिंधीने तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून ती बोलायला लागली.

"माजी पोर लय शहानी हाय," ती म्हणाली आणि थांबली. मग जीभ सुटली. म्हणाली की ही सहा वर्षांची असल्यापासून झऱ्याचं पाणी भरते. माझ्या अंगात ताप होता तेव्हा तीन दिवस हिने भाकऱ्या थापल्या, बापाला जेवायला घातलं. कुठली अळंबी खायची, कुठली नाही, हे म्हाताऱ्या हिला विचारतात. बाजारात दुकानदार दोन रुपये जास्त घ्यायला लागला तर ही तोंडावर सांगते. नंदाचा पोरगा ओढ्यात घसरला तेव्हा मोठे ओरडत बसले, हिने वेल टाकला. मला नाव लिहायला शिकवत होती, मीच शिकले नाही. "आशी पोर आमच्या वाडीत झाली नाय, सायेब. माजी बाय सोन्यासारखी हाय."

बोलताना तिचा आवाज हळूहळू चढत गेला, त्यात एक सूर आला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गुरुजी जमिनीकडे बघत राहिले. दाराशी कोंडीचा चेहरा पांढरा पडत चालला होता, पण तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, एक सांगा. मार्चमध्ये बोललात ते खरं, की आत्ताचं खरं?"

"आत्ताचं."

"मग तेव्हा खोटं का बोललात?"

"तिला वाचवायला."

"आणि आत्ता?"

चिंधी हळू म्हणाली, "आत्ताबी."

साहेब मॅडमकडे वळले आणि शिकवल्यासारखं म्हणाले की बघा, निकाल कळण्याआधीचं उत्तर हेच निर्मळ असतं. निकाल कळल्यावर माणूस आपल्याला हवं तेच बोलतो. त्यासाठीच आपण पालकाला आधी विचारतो. मॅडम म्हणाली, सर, मी पुन्हा चाचणी घेऊ शकते, घरी जाऊन बघू शकते. तिचा आवाज बारीक होता. साहेब म्हणाले की एकीचं पुन्हा घेतलं तर दोनशे एकोणऐंशींचं घ्यावं लागेल. तुम्ही फक्त नोंद करा. मॅडमने कागद ओढला आणि लिहिलं: पालकाने दुसऱ्या वेळी उत्तरे बदलली. माहिती विश्वासार्ह नाही.

गुरुजी उठून भांडायच्या बेतात होते. साहेबांनी हात वर केला.

"तसंही गुरुजी, जागा परवाच भरली. एकविसाव्या नंबरच्या मुलीला कळवून झालंय."

"मग यांना बोलायला कशाला लावलंत?" गुरुजींनी विचारलं.

"तुम्हीच वेळ मागितलीत," साहेब म्हणाले. "इतक्या लांबून आलेल्या माणसाला ऐकून न घेता पाठवायचं बरं दिसत नाही."

गुरुजींना खोपोलीला काम होतं, निदान त्यांनी तसं सांगितलं. मायलेकी दोघीच कर्जतच्या स्टँडवर येऊन बसल्या. ऊन रणरणत होतं. कोंडी आईपासून हातभर लांब बसली होती. तिने मिनिडोरची पाटी वाचली नव्हती, चिल्लर मोजली नव्हती. तिने विचारलं,

"आये, मी मरनार हाय का?"

चिंधीने मान वळवली.

"आजी गेली तवा तू आशीच बोलत होतीस," कोंडी म्हणाली. "ह्याच आवाजात. सोन्यासारखी म्हनालीस. त्या बाईनं कागदावर तेच लिवलंय ना?"

आजीला, म्हणजे चिंधीच्या सासूला, गेल्या आषाढात जाळली होती. कोंडी तेव्हा तिथेच उभी होती.

चिंधी ताडकन उठली. भर स्टँडवर, माणसांच्या गर्दीत, तिने पोरीला दंडाला धरून उभी केली आणि जेवढा आवाज होता तेवढा लावला. "तू गं कशाला मरतीस? तुज्यासारकी भिकारडी कोनाला पायजे? खुळी मेली, रानडुकरीन. तुला काय येत नाय, काय कळत नाय. यमाला वाटंत भेटलीस तर त्यो तुला वलांडून जाईल." शिव्या संपल्या तेव्हा तिने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. रडत होती आणि देत होती. कोंडीच्या तोंडावर हळूहळू रक्त आलं. तिने आईचा पदर मुठीत धरला.

बाकावर एक बाई आपल्या मुलाला वेफर्स भरवत बसली होती. ती नवऱ्याला म्हणाली की अशा बायकांना मुलं होतातच कशाला, बघ कशी बोलते पोटच्या पोरीला.

जूनमध्ये शाळा भरली. किरण गुरुजींनी बदली मागून घेतली होती, ती मिळाली. जाण्याआधी त्यांनी एक केलं. वाडीतल्या सगळ्या आयांना बसवून पालकाची उत्तरं तोंडपाठ करून घेतली. हुशार आहे म्हणा, सगळं येतं म्हणा, कुठलाही प्रश्न आला तरी हो म्हणा. बाया घाबरल्या, पण चिंधीच्या घराकडे बघून शिकल्या. पुढच्या वर्षी नंदाचा पोरगा त्या शाळेत लागला. लेखीत तो साठाच्या आसपास होता. पण वरची बरीच मुलं मुलाखतीत गळली, आणि नंदाने बेचाळीस प्रश्नांना बेचाळीस वेळा हो म्हटलं होतं. घरी येऊन तिने पोरावरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि आठ दिवस त्याला घराबाहेर काढलं नाही.

कोंडीचा कागद संस्थेने नियमाप्रमाणे तालुक्याला पाठवला, तिथून तो खालच्या गावातल्या शाळेत आला. पाचवीच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे तांबड्या शाईची खूण पडली. नवीन बाई वर्गावर आल्या तेव्हा एकेकाला उभं करून ओळख विचारत होत्या, काय काय येतं ते विचारत होत्या. कोंडीची पाळी आली. ती उभी राहिली. वर्गात चाळीस मुलं, सगळी अनोळखी, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. आई कामावर गेलेली, इथे राखायला कुणी नाही. स्वतःची राखण तिने स्वतःच केली.

"मला काय येत नाय," ती म्हणाली.

बाईंनी पटावरची तांबडी खूण पाहिली, समजल्यासारखी मान हलवली आणि तिला मागच्या बाकावर भिंतीकडेला बसवलं. वर्षभर तिला पुन्हा काही विचारलं नाही.